भिंतीसकट मोजलेली टाकी

अन्याय झाला तो आमच्या वाडीतल्या गवंडीकाकांवर. कधी, तर गेल्या मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी, सकाळी साडेदहाला, मालवणच्या बाजारात पत्रकं वाटली गेली तेव्हा. पत्रक लिहिलं मी. वाटलंही मीच.

वाडीची पाण्याची टाकी काकांनी बांधलेली. चिऱ्याची, जमिनीत उतरवलेली, त्यामुळे खोली बाहेरून कळत नाही. ठरली होती दीड मीटर. पण पाणी दुपारीच संपायचं, आणि बायका म्हणायच्या, टाकी उथळ बांधली. मला एवढं पुरलं. रिकामी टाकी टँकरने भरली तेव्हा मी मोजत उभी राहिले. सहा हजार लिटरचे तीन टँकर, काठोकाठ. म्हणजे अठरा घनमीटर. टेप लावली: लांबी साडेचार मीटर, रुंदी साडेतीन. गुणाकार पावणेसोळा. अठराला पावणेसोळाने भागलं की खोली येते एक मीटर चौदा सेंटिमीटर. दहावीचं गणित. झाकणाची किल्ली दोन घरं पलीकडे होती, आत काठी सोडून बघायला पाच मिनिटं लागली असती. मी मागितली नाही. उत्तर आलं होतं ना.

‘दीड वीत खोली कोणी खाल्ली?’ हा मथळा माझा. खाली काकांचं पूर्ण नाव.

चार दिवसांनी काकांनी मला टाकीवर बोलावलं. ते चिडलेले नव्हते, त्याचीच मला भीती वाटली. झाकण उघडं होतं.

“बाय, टेप खंय लावलंस?”

मी कोपरे दाखवले.

“म्हणजे भायरसून.” त्यांनी झाकणाच्या तोंडाशी भिंतीच्या जाडीवर हात ठेवला. “पाव मीटर. चारय बाजूंनी. भिंतीत पाणी रवता काय गो?”

काकी मागे उभ्या होत्या. “शिकलला चेडू ता. तेका भिंत कशी दिसतली?”

शिकलेली मुलगी म्हणजे मी. गुणाकार पुन्हा केला. आतली लांबी चार, रुंदी तीन. बारा. अठराला बाराने भागा. काकांनी काठी तळाला टेकेपर्यंत सोडली, नखाने खूण केली, टेपला लावली. दीड मीटर. बोटभरही कमी नाही. पाणी संपायचं ते नळ वाढले म्हणून. तेही मी तपासलं नव्हतं.

तोवर तारकर्लीत पर्यटकांच्या खोल्यांसाठी टाकी बांधायचं काम काकांच्या हातून गेलं होतं. मालकाने पत्रक वाचून दुसरा गवंडी लावला. मी माफीचं पत्रक छापून त्याच्याकडे नेलं. तो म्हणाला, “पयला छापललां ता काय उगाच?”

पहिल्या पत्रकात सगळी मापं दिली होती आणि टाकी रस्त्याला लागून आहे. तरी ते घेणाऱ्या एकानेही मला विचारलं नाही, मापं आतली की बाहेरची. चोर सापडला म्हणून आपण खूश होतो, मी आणि तुम्ही.

काकांना अजून नवं काम मिळालेलं नाही. तुमच्याकडे टाकी, जोतं, कुंपण, काहीही बांधायचं असेल तर आमच्या वाडीत या, काकांचं घर विचारा आणि काम त्यांना द्या. मला काय बोलायचं ते नंतर बोला.