'दिली' आणि 'न्हाई दिली'

धारूरच्या स्टँडसमोर त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे 'सायेब' म्हणतात आणि गडी त्यातच फुगतो. गिऱ्हाईक कुणीही असो, हा त्याच्या हातून माउस काढून घेतो. "सरका जरा, तुमाला न्हाई जमायचं," हाच त्याचा नमस्कार.

सध्या सायेबांकडे नवं काम आलंय. ब्राउझरला जोडायचं मराठी टायपिंगचं एक्स्टेन्शन बनवणाऱ्या पुण्यातल्या कुणाला तरी मोजून हवंय, की प्रायव्हेट विंडोत, म्हणजे काय बघितलं त्याची नोंद मागे न ठेवणाऱ्या खिडकीत, ते चालू ठेवायला किती लोक परवानगी देतात. ब्राउझर तिथं असली एक्स्टेन्शनं बंदच ठेवतो. माणसानं स्वतः होकार दिला तरच ती चालतात. सायेबांनी त्यासाठी वही घातलीय, तिच्यात दोन रकाने, 'दिली' आणि 'न्हाई दिली'.

काल बायकोचा दवाखान्याचा रिपोर्ट बघायचा होता, म्हणून मी प्रायव्हेट विंडो मागितली. "सरका जरा," म्हणत त्यानं परवानगीचं बटण स्वतःच दाबलं आणि 'दिली'खाली पेन्सिलीनं रेघ ओढली. तो रकाना गच्च भरला होता. दुसरा कोरा.

"मला विचारलं का नाही?"

त्याला माझी कीवच आली असावी. "सर, इचारलं की लोक न्हाई म्हनत्यात. मंग मोजायचं काय?"

मी बटण बंद केलं, पेन्सिल घेतली आणि कोऱ्या रकान्यात पहिली रेघ ओढली.

"सरका जरा," तो म्हणाला, आणि खोडरबर शोधू लागला.