ऑलरेडी झालेल्या गोष्टी

बिलोलीच्या स्टँडवर लेकानं गॅसची शेगडी, ज्वारीच्या पिठाचा डबा आणि मला लातूरच्या गाडीत चढवलं. "दोनच वर्षं, आई. स्वातीची बारावी झाली की घरी." आपल्याला जायचंय हे मला आदल्या दिवशी कळलं. खोली बघून झाली होती.

शिकवणीला आलेल्या पोरांसाठी लातुरात कितीतरी आया, आज्या अशा खोली करून राहतात. मी रडले नाही. नात स्वाती शिकवणीला गेली की भाकरी करायची आणि नळाची वाट बघायची. इथं नळ रोज येत नाही.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या खोलीत अकरावीच्या चार पोरी आल्या. त्यांच्या तोंडात सारखं 'ऑलरेडी'. मला शब्द आवडला. म्हणाले, "उद्या ऑलरेडी पिठलं करते." पोरी हसून हसून लोळल्या. स्वाती म्हणाली, "आज्जी, उद्याचं ऑलरेडी नसतं. सांगायच्या आधीच जे होऊन गेलं, ते ऑलरेडी."

भाकरी थापता थापता मी आठवत गेले. चौथीनंतर शाळा सुटली, ती ऑलरेडी. लग्न ठरल्याचं मला हळदीच्या दिवशी कळलं. लातूरचंही तसंच. म्हणजे हा शब्द मला चांगला ठाऊक होता, फक्त तो दुसऱ्यांच्या हातात होता.

मी नळापासून सुरुवात केली. "आज्जी, नळ आला!" म्हणत पोरी पळत यायच्या. "भरलं. ऑलरेडी." त्यांच्याही घागरी भरलेल्या असायच्या. पुढं त्या जेवायलाही माझ्याकडंच येऊ लागल्या.

स्वाती नांदेडला डॉक्टरकीला लागली. लेक टेम्पो घेऊन आला.

"चल आई, सामान भर. काम संपलं."

"न्हाई येत. या पोरींची बारावी हाय. जेवायला घालते म्हणले मी त्यांना. खोलीवालीला बी सांगितलं. ऑलरेडी."

"मला इचारलं न्हाईस?"

"तू मला इचारलं होतंस?"

 स्वाती तोंडावर ओढणी धरून हसत होती. मग लेक हात धुऊन जेवायला बसला. टेम्पोत एकट्या स्वातीची खाट गेली.

गावाकडच्या जावांनो, सुनांनो, मी बरी आहे. तुमच्यापैकी कुणी पोरांना घेऊन लातूरला आलीच, तर माझ्या घरी उतरा. दिवाळीला मी तुमच्याकडं येईन. चार दिवस, पाहुणी म्हणून. मला भाकरी थापायला सांगू नका.