मागच्या सीटवरची खरखर

धाकट्या भावाच्या मुलाने आत्या म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता ती अख्ख्या गल्लीची आत्या झाली. पोस्टमनसुद्धा पत्र देताना ‘आत्या, सही’ म्हणायचा, आणि तो तर तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता.

गल्लीच्या कोपऱ्यावर तिचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान मूळचं वडिलांचं. सोळाव्या वर्षी त्यांनी तिच्या हातात सोल्डरिंगची गन दिली आणि सांगितलं, “हात भाजेल, पण काम हातातून जाणार नाही.” दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या. पुढे वडील गेले, लग्नाचा विषय दोन-तीनदा निघून आपोआप बारगळला आणि आत्या टेबलामागच्या त्या उंच स्टुलावर बसून राहिली ती थेट अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत. एके काळी दुरुस्तीला आलेले रेडिओ ठेवायला फळ्या पुरत नसत. आता फळ्या होत्या, रेडिओ नव्हते. आठवड्याला एखादा यायचा, तोही कुणाच्या तरी आजोबांची आठवण म्हणून.

भाऊ तसा मायेचा. एक दिवस चहा घेता घेता त्याने हळूच विषय काढला. “ताई, किती दिवस माश्या मारत बसणार? सुनेला शिवणाचं दुकान काढायचंय. जागा रस्त्यावरची आहे. तू आता आराम कर.”

आत्याने कप खाली ठेवला. आराम कसा करतात हे तिला ठाऊक नव्हतं, पण भावाचं चुकत होतं असंही म्हणता येईना. “महिनाअखेर बंद करते,” ती म्हणाली. त्या दिवशी तिने फळ्यांवरची धूळ दोनदा पुसली.

चौथ्या दिवशी सकाळी दुकानासमोर एक भलीमोठी मोटरसायकल येऊन थांबली. पुढे रुंद काच, काचेखाली दोन स्पीकर, दोन्ही बाजूंना पेट्या, मागे पाठ टेकायला गादी. एखादी आरामखुर्ची चाकं लावून रस्त्यावर सोडावी तशी. चालवणारा चौसष्ट वर्षांचा, जाड मिशांचा, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. मागे बसलेली त्याची बायको उतरली तीच बोलत.

“ताई, या गाडीचा रेडिओ दुरुस्त करा, नाहीतर मला तरी दुरुस्त करा. हे म्हणतात, माझ्या कानात दोष आहे. डॉक्टरला दाखवून आले मी! डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी!”

“मी दोष नव्हतो म्हणत,” ड्रायव्हर पुटपुटला. “वारा लागतो म्हटलं.”

हळूहळू सगळं उलगडलं. त्यांची एकुलती एक मुलगी डोंगरावरच्या गावात एका छोट्या रेडिओ केंद्रावर नोकरीला लागली होती. रोज सकाळी दहाचा कार्यक्रम तिचा. केंद्र एवढं लहान की आवाज जेमतेम डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचायचा, घरी तर काहीच लागायचं नाही. दर रविवारी दोघं मोटरसायकलवरून लेकीला भेटायला जायची. पायथ्यापासून वरपर्यंतचा तासभराचा रस्ता नेमका तिच्या कार्यक्रमाच्या वेळेचा. आईला वाटायचं, पोरीचं बोलणं ऐकत ऐकत तिच्याकडे जावं. ऐकू काय यायचं? नुसती खरखर.

“मोटरसायकलच्या रेडिओला मी कधी हात लावलेला नाही,” आत्या म्हणाली.

“रेडिओ तो रेडिओच ना?” ड्रायव्हरच्या बायकोने विचारलं.

आत्याने चष्मा नाकावर चढवला. ती स्टुलावरून उतरून बाहेर आली.

इंजिन बंद असताना रेडिओवर शहरातलं केंद्र ठीक वाजत होतं. इंजिन सुरू केलं तशी टर्रर्र सुरू झाली. आत्याने ड्रायव्हरला रेस वाढवायला सांगितली, टर्ररही वाढली. रेस कमी, टर्रर कमी. “हा आवाज आकाशातून येत नाही, तुमच्याच इंजिनातून येतोय,” ती म्हणाली. “प्लग कधी बदलले?” दोन महिन्यांपूर्वी बदलले होते, गॅरेजवाल्याकडे होते ते साधे. या गाडीला आतून रेझिस्टर असलेले प्लग लागतात, म्हणजे ठिणगीचा त्रास रेडिओला होत नाही. ड्रायव्हर लगेच जाऊन ते बसवून आला.

मग एरियल. मूळचं लांब एरियल काढून ड्रायव्हरने बोटभर लांबीचा काळा रबरी ठोंबा बसवला होता.

“हे काय?”

“दिसायला बरं दिसतं.”

“दिसायला बरं आणि ऐकायला बहिरं. हातभर तरी लांब हवं.”

“या वयात मागे काठी लावून फिरू?”

“अहो, तुम्हाला टेकायला नाही सांगत!” बायको खळखळून हसली आणि ड्रायव्हरने निमूटपणे घरी जाऊन जुनं एरियल शोधून आणलं. ते जिथे बसतं त्या पट्टीला कुणीतरी चकचकीत रंग दिला होता. रंगामुळे एरियलचा आणि गाडीच्या सांगाड्याचा संबंधच तुटला होता. आत्याने कानशीने रंग खरवडून लखलखीत धातू काढला आणि स्क्रू घट्ट आवळले. गाडी सुरू केली. गाणं असं स्वच्छ लागलं की समोरचा न्हावी वस्तरा घेऊनच बाहेर आला.

सोमवारी दोघं परत आली. तोंडं उतरलेली.

“पायथ्याशी काही म्हणजे काही लागलं नाही,” ड्रायव्हर म्हणाला. “डोंगरच आडवा येतो. तुमचा दोष नाही, ताई.”

आत्याचा चेहरा पडला. मनात आलं, भाऊ म्हणतो तेच खरं. आपले दिवस संपले. पण ड्रायव्हरची बायको गप्प बसणारी नव्हती. “डोंगर कसला आलाय? आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बंद पडला. शहरातलंसुद्धा लागेना!”

आत्याने मान वर केली. “गल्लीच्या तोंडाशी? नेमका कधी?”

“मी बसले, गाडी निघाली, आणि खर्रर्र.”

“आणि एकटे असता तेव्हा?” तिने ड्रायव्हरला विचारलं.

“एकटा असलो की झकास वाजतो.” बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने घाईने मिशीवर हात फिरवला.

“म्हणजे मीच अपशकुनी!” बायको कडाडली.

“पाणी कुठेतरी मुरतंय,” आत्या म्हणाली. “वहिनी, तुम्ही मागे बसा. एक चक्कर मारून बघू.”

“मी नाही बसायची. मी बसले आणि बंद पडला तर हे जन्मभर माझा पायगुण काढतील. तुम्ही बसा.”

आत्या आयुष्यात मोटरसायकलवर बसली नव्हती. रिक्षातसुद्धा ती दांडा धरून बसायची. पण दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि त्या खरखरीने आता तिच्याही डोक्यात घर केलं होतं. तिने पदर खोचला, ड्रायव्हरच्या खांद्याला धरलं आणि एखाद्या भिंतीवर चढावं तशी मागे चढली.

गाडी हलली. गाणं वाजत होतं. आत्या भीतीने पायांवर जोर देऊन अर्धवट उभीच होती. चार दुकानं गेल्यावर धीर आला, ती टेकली. खर्रर्र. ती दचकून उठली. गाणं. पुन्हा बसली. खर्रर्र.

“थांबवू का?” ड्रायव्हर ओरडला.

“नको! चालू द्या!”

मग सगळ्या गल्लीने ते दृश्य पाहिलं. भर सकाळी, भर रस्त्यात, आत्या मोटरसायकलवर उभी राहतेय, बसतेय, उभी राहतेय, बसतेय, आणि प्रत्येक वेळी आनंदाने ओरडतेय, “गेलं! आलं! गेलं! आलं!” नेमका त्याच वेळी भाऊ सुताराला घेऊन दुकानाची मापं काढायला येत होता. त्याच्या हातातली टेप सुटून सर्रकन डबीत गेली.

“ताईला काय झालं?” त्याने न्हाव्याला विचारलं.

“दुरुस्ती चाललीय,” न्हावी म्हणाला.

दुकानासमोर येऊन आत्याने सीट काढायला लावली. खाली एरियलची केबल होती. कुणीतरी ती सीटच्या पत्र्याखालून आडवी ओढली होती आणि पत्र्याच्या धारेखाली ती चेपली होती. वरून धड दिसायची, पण आतली तार तुटलेली. मागे कुणी नसलं की टोकाला टोक लागून काम चालायचं. कुणी बसलं की धार केबलवर दाबायची आणि तुटलेली टोकं एकमेकांपासून सरकायची.

“वहिनी, तुमचा पायगुण नाही,” आत्या म्हणाली. “मी बसले तरी तेच होतं.”

ड्रायव्हरची बायको नवऱ्याकडे वळली. त्याने दोन्ही हात कानांना लावले. “चुकलो. पुन्हा कानांचं नाव काढणार नाही.”

आत्याने नवी केबल घातली, सीटखालून न नेता सांगाड्याच्या कडेने फिरवून, जागोजागी बांधून. भाऊ तिथेच उभा होता. ताईची बोटं इतक्या झपाट्याने चालताना त्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. सुतार कंटाळून चहाला गेला.

पुढच्या सोमवारी ड्रायव्हरची बायको बसने, एकटीच, सांगायला आली. डोंगराच्या तिसऱ्या वळणावर मुलीचा आवाज लागला होता. पोरगी काय वाचत होती, तर बसस्टँडवर सापडलेल्या छत्र्यांची यादी. “काळी, दांडा लाकडी. निळी, एक काडी मोडलेली. ताई, मला इतकं रडू आलं! हे गाडी थांबवायला लागले. मी म्हटलं, खबरदार. थांबून ऐकायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला? तासभर ऐकलं. केंद्राच्या दारात पोचलो तेव्हा ती विचारते, आई, डोळे लाल का? म्हटलं, वारा लागला.”

आत्या हसली, मग चष्मा काढून उगाच पुसत बसली.

महिनाअखेर भाऊ आला. किल्ली मागावी की नाही, या विचारात तो दारातच घुटमळला. सून त्याच्या मागोमाग आत शिरली. तिने दुकानाची लांबी पावलांनी मोजली.

“आत्या, मला मशीनला उजेड हवा, रस्त्याकडची बाजू पुरे. मागची अर्धी तुमचीच राहू दे. तुम्ही असलात की गिऱ्हाइकाशी बोलायलाही कुणी असेल. मला मेलीला बोलता येत नाही.”

“आणि आराम?” भावाने विचारलं.

“तो तू कर,” आत्या म्हणाली. “तुलाच जास्त गरज दिसते.”

सुताराने मध्ये एक बुटकी फळी ठोकली. पुढे शिलाई मशीन, मागे आत्याचं टेबल. लांबच्या प्रवासाला जाणारे मोटरसायकलवाले एकमेकांना ओळखतात. ड्रायव्हरने आपल्या ओळखीच्यांमध्ये आत्याच्या नावाचा डंका पिटला होता. त्यामुळे गर्दी झाली असं नाही, पण पंधरा दिवसांत तिघं येऊन गेले, आणि चौथी एक जमीन मोजणारी बाई लाल मोटरसायकल घेऊन दारात उभी राहिली.

“माझा रेडिओ फक्त ब्रेक मारला की खरखरतो,” ती संकोचून म्हणाली. “लोक हसतात मला.”

आत्या स्टुलावरून उतरली होतीच. पदर खोचत तिने विचारलं, “पुढचा ब्रेक की मागचा?”