कपात घाण येईपर्यंत

चार माणसं रोज एकाच जागी बसली की किस्से आपोआप साचतात, त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. त्यात त्या चौघांच्या मधोमध कुणालाच न कळणारं एखादं यंत्र असेल तर विचारूच नका! आमच्या चिखलीतल्या रफिकभाईंच्या फिशटँकच्या दुकानात असं यंत्र आलं आणि मला दोन महिने घरी वेळेवर जेवायला जाता आलं नाही.

आधी चौघांची ओळख करून देतो. रफिकभाई दुकानाचे मालक. पूर्वी गाड्यांच्या नंबरप्लेटवर रेडियम कापून लावायचे, मग माशांचं वेड लागलं आणि हे दुकान टाकलं. दुसरे वानखडे काका, एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. तिसरे प्रकाशभाऊ, उंद्रीचे शेतकरी, ठिबकमधले वाकबगार. चौथा मी, कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहायक. शिकवत काहीच नाही, तरी सगळे मला 'सर' म्हणतात आणि मी ते कधी दुरुस्त केलेलं नाही.

रफिकभाईंनी ठरवलं, चिखलीत समुद्राचे मासे आणायचे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी. लोक हसले. ज्या गावाला समुद्र पाहायला रात्रभर गाडीत बसावं लागतं, तिथे समुद्राचा मासा! पण माणूस हट्टी. दुकानाच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून गोल्डफिशची अख्खी खेप मेली होती, तेव्हा हा गडी दोन दिवस जेवला नव्हता. म्हणून यावेळी त्यांनी शपथच घेतली.

"स्किमरच्या कपात घाण जमा झाल्याबिगर मासे आणत नाही. आणून मेले, तर दुकान बंद. मी आपला रेडियम कापत बसतो!"

स्किमर म्हणजे ते यंत्र. मोठ्या टाकीच्या खाली कपाटात एक छोटी टाकी असते, तिला सम्प म्हणतात. त्यात हे पारदर्शक नळकांडं उभं करायचं. त्याचा पंप पाण्यात हवा घुसळून बारीक फेस करतो, पाण्यातली घाण फेसाला चिकटून वर चढते आणि वरच्या कपात पडते. सांगायला एवढं सोपं आहे.

*

पार्सल फोडलं त्याच दिवशी आम्ही यंत्र सम्पमध्ये ठेवून चालू केलं. फेस नाही! नुसते मोठे मोठे बुडबुडे. प्रकाशभाऊंनी पंप तीनदा खोलला. काकांनी कान लावून आवाज ऐकला आणि "बेअरिंग ठीक हाय" म्हणाले. मी विक्रेत्याने जुना माल गळ्यात मारल्याचं शास्त्रीय स्पष्टीकरण दिलं.

दोन दिवसांनी मीच त्या पुण्याच्या विक्रेत्याला फोन लावला आणि चांगला फैलावर घेतला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "पाण्यात मीठ किती टाकलंय?"

"मीठ? ते अजून टाकायचंय."

त्याने मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "साहेब, गोड्या पाण्यात हा फेस धरत नाही."

मी फोन ठेवला. तिघं माझ्याकडे पाहत होते. वीस वर्षं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काढलेला माणूस मी!

*

मग मिठाचा विषय निघाला. समुद्राच्या टाकीचं मीठ वेगळं असतं, ते पुण्याहून मागवायचं होतं. प्रकाशभाऊंना ते पटेना.

"पुण्याचं मीठ कायले पाह्यजे बे? आपलं लोणार हाय ना! देवानं भरून ठेवलेलं खारं पाणी. मी गाडी घेऊन जातो, दोन कॅन आणतो."

मी त्यांना समजावलं की तिथून पाणी उचलता येत नाही, ते अभयारण्य आहे. आणि आणलं तरी ते क्षाराचं पाणी, धुण्याच्या सोड्यासारखं, मासा टाकला तर त्याची सालं निघतील. फोनवर झालेली बेअब्रू भरून काढायची म्हणून मी जरा लांबच भाषण ठोकलं.

काकांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे मासा राहू द्या, पण माह्यं धोतर चांगलं निघन!"

*

खारं पाणी झालं. मग पातळीचा घोळ. हे यंत्र ठराविक उंचीच्या पाण्यातच नीट चालतं, बोटभर इकडेतिकडे झालं की रुसतं. आणि आमच्याकडचा मे महिना! दुकानात कूलर चालू, सम्पमधलं पाणी संध्याकाळपर्यंत दोन बोटं खाली. कमी झालं तेवढं गोडं पाणी थेंबथेंब घालत राहायचं.

थेंब म्हटल्यावर प्रकाशभाऊंची कॉलर ताठ झाली. ठिबकची नळी आणली, पण तिची धार जास्त पडायला लागली. शेवटी ते मेडिकलमधून सलाईनचा सेट घेऊन आले. खिळ्याला बाटली, खाली नळी, नळीला चाकी, टप टप टप. पाण्याची पातळी एक रेघ हलली नाही. खरंच, एवढं सुबक काम मी आमच्या लॅबमध्येही पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी देऊळघाटच्या एक बाई नातवासाठी गप्पी मासे घ्यायला आल्या. सलाईन पाहून थबकल्या. मोठ्या टाकीत वाकून पाहिलं. आत नुसते दगड. मागून पाहिलं, बाजूने पाहिलं. मग हळूच रफिकभाईंना विचारलं,

"पेशंट गेला का हो?"

*

काकांचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं. "नवं इंजिन हाय. पंधरा दिवस कोणी हात लावू नका. त्याले बसू द्या." आणि पुस्तिकेतही तेच लिहिलं होतं. पण यंत्राची हवा कमी-जास्त करायची चाकी समोर दिसते आणि हात शिवशिवतात. मी कॉलेजला जाताना थोडी कमी करायचो, प्रकाशभाऊ दुपारी थोडी वाढवायचे, रफिकभाई दुकान बंद करताना 'मधोमध' आणायचे. तिघंही चोरून.

काकांना संशय आला. डेपोत चाकाचे नट ढिले झालेले कळावेत म्हणून रंगाची रेघ मारतात, तशी त्यांनी चाकीवर एक रेघ मारून ठेवली. तीन दिवस रोज तपासायचे. रेघ जागच्या जागी. काका खूश.

चौथ्या दिवशी चष्मा लावून आले.

"रेघ तर सरळ हाय," काका म्हणाले. "पण मी पांढरी मारली होती. ही पिवळी कोणाची?"

आम्ही तिघांनी एकाच वेळी माना खाली घातल्या, आणि मग कळलं की पिवळी माझी होती, पण तिच्याखाली एक निळीसुद्धा होती!

*

एका शुक्रवारी फेस नळकांड्याच्या गळ्यापर्यंत चढला. आनंदाने रफिकभाईंनी गरम कचोऱ्या मागवल्या. खाता खाता प्रकाशभाऊंना पंप थोडा वाकडा दिसला. त्यांनी हात घालून सरळ केला, कचोरीच्या हाताने. तेल लागलं आणि फेस बसला तो बसलाच.

रफिकभाईंनी कायदा केला, हात धुतल्याशिवाय सम्पकडे फिरकायचं नाही. प्रकाशभाऊ पश्चात्तापाने पोळलेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, घाईत नीट खळबळले नाहीत आणि तेच हात आत घातले.

फेस आला! कप भरला, कपाट भरलं, फेस पायऱ्या उतरून रस्त्यावर गेला. शेजारचा मोबाइलवाला ओरडला, "रफिकभाई, गाड्या धुवायचं सेंटर टाकलं का?"

सगळं पाणी फेकावं लागलं. पुन्हा मीठ, पुन्हा पाणी, पुन्हा पंधरा दिवस. त्या संध्याकाळी रफिकभाई एकटेच पायऱ्या पुसत बसले आणि आम्हालाही चहा गोड लागला नाही.

*

नंतर सगळं शहाण्यासारखं चाललं. फेस छान, पातळी छान, मी रोज पाणी तपासत होतो, तेही उत्तम. मासे आणायला काही हरकत नव्हती. पण कप कोरडा!

मी समजावून सांगितलं, "रफिकभाई, टाकीत मासे नाहीत, खाणं पडत नाही, मग घाण येणार कुठून? आधी मासे आणा."

"नाही सर. आधी कप. माह्या हातानं पुन्हा नाही मरू देणार."

आठवडा गेला, दुसरा गेला. रफिकभाई सकाळी येऊन कप पाहायचे आणि गप्पींना दाणे टाकायचे. मला त्यांच्याकडे बघवेना. एक दिवस तर कपाटातून जुनं रेडियम कापायचं ब्लेड काढून पुसत बसलेले दिसले.

एका सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. "सर, या! लवकर या! आली!"

धावत गेलो. कपात दोन बोटं तपकिरी पाणी. रफिकभाईंच्या डोळ्यांत पाणी. तिथल्या तिथे त्यांनी पुण्याला फोन करून जोडी सांगितली. काका स्टुलावर बसून गंभीरपणे म्हणाले, "घाण चांगली निघाली."

गुरुवारी पार्सल आलं. पिशवी तासभर टाकीत तरंगत ठेवली, मग दोघांना सोडलं. ते दगडामागे दडले, थोड्या वेळाने बाहेर आले आणि समोर येऊन आम्हा चौघांना पाहू लागले. मला फार बरं वाटलं. प्रकाशभाऊ तर हात मागे बांधून उभे होते.

त्या गडबडीत कप धुवायचं काम माझ्याकडे आलं. ही घाण सडक्यासारखी घाणते म्हणून मी श्वास रोखला होता, पण कुठवर रोखणार? वास आला तो वेलचीचा. तळाशी चहापत्तीचे चार दाणे.

दुकानाची दुसरी किल्ली काकांकडे असते. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"सर," ते हळूच म्हणाले, "पॅसिंजर बसल्याबिगर तिकीट कसं फाटन?"

मी कप स्वच्छ धुतला आणि तोंड बंद ठेवलं. रफिकभाईंना कळलं असतं तर त्यांनी मासे परत पाठवले असते, याची मला खात्री होती.

महिना झाला. जोडी धडधाकट, दाणे टाकले की काचेवर आपटते. परवा कप खरोखरच भरला. असा घाणला की मोबाइलवाला नाक धरून दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. रफिकभाईंनी तो दोन्ही हातांनी अलगद उचलला, बेसिनकडे नेता नेता काकांच्या नाकासमोर क्षणभर धरला आणि म्हणाले,

"काका, यावेळची बिगर वेलचीची हाय."