लाट वेळेवर येईना

जालन्यातल्या एका कॉलेजात, मागच्या अंगाला, माझी प्रयोगशाळा आहे. म्हणजे एक खोली, एक विजेवर चालणारा चुंबक आणि त्याच्या दोन टोकांमध्ये नखाएवढा चुंबकीय स्फटिक. स्फटिकाच्या एका कडेला चुंबकत्वाची लाट सोडायची, दुसऱ्या कडेला पकडायची. चुंबकाचा जोर बदलला की लाटेची चाल बदलते. जोर पूर्ववत केला की लाटही पूर्वीच्याच वेळेला पोचते. माझी उमेदीची सगळी वर्षं यात गेली आणि ऐकून घेणारं इथं कोणी नाही. सहकारी विचारतात, "याचा उपयोग काय?" मी चहा पिते.

आई परतूरहून आली तेव्हा मोठ्या हौसेनं तिला पडद्यावरची लाट दाखवली. तिनं तिकडं धड बघितलंही नाही. खोलीच बघत राहिली.

"दिवसभर एकटीच बसून राह्यतीस का इथं?"

"हो."

"कुणीच येत न्हाई?"

मला रागच आला. निदान आईनं तरी लाट बघावी ना! मी तणतणत तिच्यासाठी चहा सांगायला गेले.

ती परत गेली आणि प्रयोग बिघडला. जोर वाढवून पुन्हा खाली आणला तरी लाट जुन्या वेळेला येईना. असले आकडे कुठल्या तोंडानं छापायला पाठवणार? तारा बदलल्या, विजेच्या नावानं बोटं मोडली. शेवटी चुंबकामागच्या फटीत हात घातला, तर आईचा रोजचा लोखंडी अडकित्ता तिथं चिकटलेला, लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून. जोर उतरला तरी ते लोखंड थोडं चुंबकत्व धरून बसायचं आणि लाटेची वेळ चुकायची.

तावातावानं फोन लावला.

"मंग? लेकरू एकटं असलं की उशाशी लोखंड ठिवत्यात. तिथं उशी कुठंय? म्हून त्या मशिनीमागं ठिवला."

माझा ताव तिथंच उतरला. एकटं वाटतं हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. डोळे भरून आले.

"आणि तू सुपारी कशानं कातरतीस?"

"सोडली. तू काढला न्हाईस ना त्यो?"

अडकित्ता माझ्या हातात होता. समोर लाट बरोबर वेळेवर येत होती.

"न्हाई," मी म्हणाले. "तिथंच हाय."