स्वच्छ हवेचा चौकोन

जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी चौथीत होते. जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये त्याचं दुःख कोणालाच झालं नाही. बाबांची फॅक्टरीची बस वेळेवर आली की जग जागेवर आहे असं आम्ही धरून चालायचो. पुढे मी नागपुरात पीएचडीला लागले. विषय होता मोठ्या शहरांवरचा ओझोन, उपग्रहातून पाहिलेला. नातेवाइकांना मी "हवेचं काम करते" एवढंच सांगायची. त्याचा एका काकांनी "म्हणजे काहीच करत नाही" असा अर्थ काढला, आणि पहिली दोन वर्षं तो अगदी बरोबर होता.

शाळेत शिकवतात तो ओझोन वरचा, तो बिचारा आपल्यासाठी ऊन गाळतो. आमचा ओझोन खालचा, नाकाजवळचा. तो कुठल्या धुराड्यातून निघत नाही. गाड्यांच्या धुरावर आणि हवेतल्या इतर वाफांवर कडक ऊन पडलं की तो तयार होतो आणि छातीला लागतो. उपग्रहाला हा खालचा धड दिसत नाही, कारण वरचा आड येतो. म्हणून तो ज्या वायूंपासून बनतो ते मोजायचे आणि पुढे गणित मांडायचं. उपग्रह रोज भरदुपारी दीडच्या सुमाराला डोक्यावरून जातो आणि ढग असले की सुट्टी घेतो. पर्मनंट नोकरी म्हणतात ती हीच.

शहराची हवा किती बिघडली हे दाखवायला जवळच एक स्वच्छ जागा लागते. उपग्रहाचा नकाशा चौकोनाचौकोनांचा असतो. त्यातला एक मी निवडला, बाबांच्या गावाचा, सिहोऱ्याचा. धानाच्या बांध्या, पलीकडे जंगल.

"हाच का घेतला?" पीएचडीच्या माझ्या सरांनी विचारलं.

"स्वच्छ आहे, सर."

पुरावा काय, तर लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे मला कधी सर्दी झाली नव्हती. शास्त्रात याला गृहीतक म्हणतात. आमच्या घरी माज म्हणतात.

त्याच वर्षी बाबा रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. आईला दमा. ती म्हणाली, "नागपूरले राहू. दवाखाना जवळ हाय, तू जवळ हाय." बाबांना गावी जायचं होतं, पण आईपुढे बोलायची त्यांची टाप नव्हती. शेवटी दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉप उघडला. नागपूर लालभडक, सिहोरा निळंशार. "या लाल हवेत राहणार का?" मी आईला विचारलं, अगदी वकिली थाटात. तिने निळ्या रंगावर एकदा बोट फिरवलं आणि भांडी पोत्यात भरायला उठली. तो नकाशा धुराचा होता, ओझोनचा नव्हता. दोन्हींत फरक असतो हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण गावाच्या बाबतीत मला तो मान्य नव्हता.

दोन उन्हाळे गेले. सरांनी सांगितलं, उपग्रहाचं गणित पडताळायला गावात जमिनीवरही यंत्र लाव. एप्रिलमध्ये मी ते सिहोऱ्याला घराच्या स्लॅबवर नेऊन बसवलं. स्लॅबवर आईचं राज्य होतं. लाखोरी डाळीच्या वड्या, कुरड्या, मिरच्या, सगळं तिथे भर दुपारी वाळत असायचं आणि ती दर अर्ध्या तासाने उलथायला वर जायची.

"काहून वं, हे कायचं डब्बं?"

"हवा मोजतं."

"मोजू दे. माह्या वड्यायवर सावली नको पाडू."

दुपारी तिला खोकल्याची उबळ यायची. बाबा मिरच्यांना दोष द्यायचे. "तिखट कमी कर," असा सल्ला मीही दिला. एवढं शिकून मी तिखटावर आले होते.

आठवड्याने आकडे काढले. सिहोऱ्याचा दुपारचा ओझोन नागपूरच्या भर चौकातल्यापेक्षा जास्त होता. मी यंत्राला शिव्या घातल्या, नळी धुतली, फिल्टर बदलला. आकडे तसेच. सरांना फोन केला. ते म्हणाले, शहरात गाड्यांचा ताजा धूरच ओझोनला खाऊन टाकतो. तोच धूर उन्हाळी वाऱ्याने तुमच्याकडे निघतो, वाटेत ऊन आणि जंगलाच्या वाफा मिळतात, ओझोन बनतो, आणि त्याला खाणारं तिथे कोणी नसतं. "तुझा एक चॅप्टर वाढला!" सर खूश होते. लाज वाटते सांगायला, पण अर्धं मिनिट मीही खूश होते. मग वरून खोकला ऐकू आला. दोन वाजले होते.

मी वर जाऊन आईच्या हातातलं सूप काढून घेतलं. "दुपारी इथे यायचं नाही. मी चुकले, आई. इथली दुपारची हवा तुझ्यासाठी वाईट आहे. तुला मीच इथे आणलं."

ती धापा टाकत मिरच्यांपाशी बसली. "मले त पयल्याच उन्हाळ्यात समजलं होतं. दुपारी वर आली का छाती भरून ये. पन तू म्हनली होती ना, इथली हवा चांगली हाय म्हून. मंग म्या म्हनलं, आपल्यातच काई खराबी असन."

"आणि डॉक्टरांना काय सांगितलंस?"

"तुमसरच्या डॉक्टरनं इचारलं होतं, घराजवळ हवा कशी हाय. म्या सांगतलं, एकदम साफ. माही पोरगी वरून पायते."

मला आधी तिचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली. लाज जास्त टिकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमसरला त्याच डॉक्टरांसमोर बसून मी आईची जबानी फिरवली. दुपारची हवा, खोकल्याच्या वेळा, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं, "तुम्ही कोण?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "हेच ते माही पोरगी. हिले सारं समजते."

"मला समजलं नव्हतं, डॉक्टर," मी म्हटलं.

आईने टेबलाखालून मला जोरात चिमटा काढला.