पाळीपलीकडे दोघे गेले, एकच परतला

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप कपाळाकडे जातो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. साकोलीकडच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कलमे पाठ होती, माणसांच्या बाबतीत मात्र अजून चाचपडत होतो.

धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, आटोपली होती. सकाळची हजेरी संपते न संपते तोच जवळच्या गावचा पोलीस पाटील सायकल भिंतीला टेकवून आत आला.

"साहेब, खून झाला वाट्टे."

"वाटते म्हणजे? प्रेत पाहिलं?"

"प्रेत नाई जी. पण तलावाच्या पाळीपलीकडे दोघं गेले अन् एकच वापस आला. गुराख्यानं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं."

न परतलेला माणूस नागपूरचा. रानोमाळ हिंडून पाखरांचे फोटो काढण्याचा त्याला नाद होता. परतलेला गावातलाच एक मासेमार, त्याचा वाटाड्या. परतला तेव्हा मनगटावर फोटोवाल्याचे घड्याळ आणि काखेत फोटोवाल्याचेच बूट! पाटलाने त्याला सोबतच आणले होते.

हवालदाराला मी माणसे देऊन तलावावर पाठवले. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, हाका मारमारून त्यांचे घसे बसले. ओ आली नाही, आणि पलीकडच्या चिखलात उतरायला कोणी तयार झाले नाही. इकडे मी चौकशीला बसलो.

"फोटोवाला कुठे आहे?"

"नागपूरले गेला जी."

"अनवाणी?"

त्याने दाराकडे पाहिले.

"घड्याळ कोणाचं?"

"त्याचंच. त्यानं देल्लं."

"कशाला दिलं?"

पुन्हा नजर दाराकडे. ओसरीत त्याची बायको लहान मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. माणूस चोरटा वाटत नव्हता, पण खोटे बोलत होता हे स्वच्छ दिसत होते. धड खोटेही त्याला बोलता येत नव्हते, याचाच मला जास्त संताप आला.

दुपारपर्यंत अर्धे गाव ठाण्यासमोर जमले. "कॅमेऱ्यापायी मुडदा पाडला साल्यानं!" कोणीतरी ओरडले. सोडला तर बाहेर लोक त्याला शिल्लक ठेवणार नव्हते. अटक करावी तर थेट खुनाचे कलम. रिकाम्या हाताने परतलेला हवालदार घाम पुसत म्हणाला, "साहेब, माझ्या हाती द्या. पोपटावानी बोलंल."

मी नाही म्हणालो. दुपार कलली तसा संशयित सारखा घड्याळ पाहू लागला. शेवटी हात जोडून म्हणाला, "साहेब, लहान काटा चारावर आला का मले थोडासा सोडा. मी वापस येतो. मंग पायजे तं फाशी द्या."

हवालदार खो खो हसला. मला मात्र हसू येईना. खून करून आलेला माणूस घड्याळ बघून सुटी मागत नाही. मी ओसरीत जाऊन त्याच्या बायकोजवळ बसलो.

"बाई, हा बोलत का नाही?"

तिने मुलीला छातीशी धरले. "त्या साहेबानं पोरीच्या डोक्यावर याचा हात ठिवाले लावला जी. कोणाले सांगाचं नाई, अशी शपत देल्ली. कायची, ते मलेबी नाई मालूम. बोलला तं पोरीले काई होईन ना?"

मी अशाच घरात वाढलो होतो. इथे कायदा समजावून काही उपयोग नाही, एवढे मला कळत होते. आत जाऊन त्याला म्हणालो, "तू सांगू नको. एक शब्दही बोलू नको. नुसता चाल, मी मागून येतो."

त्याने दारातून मुलीकडे पाहिले. "चालाले काई हरकत नाई," म्हणाला आणि उठला.

पाळीपलीकडे, भाताच्या बांध्यांच्या टोकाला, गोणपाट आणि वाळक्या तणसाचे एक बुटके खोपट होते. त्याच्या पुढे पाण्यात गवताचा ढीग आणि त्यावर सारस. आमची चाहूल लागताच पक्षी उठून लांब गेला. गोणपाट हलले. चिखलाने माखलेला चेहरा बाहेर आला आणि माझ्यावरच खेकसला, "हळू! दोघं कशाला आलात?"

मृत इसम जिवंत होता आणि रागावलाही होता.

मग उलगडा झाला. पाखराला म्हणे मोजता येत नाही. दोघे खोपटात गेले आणि एक निघून गेला, की त्याला वाटते माणूस गेला. मग ते निर्धास्त घरट्यावर येते. बूट चिखलात रुततात म्हणून वाटाड्याकडे दिले. घड्याळ, त्याने वेळेवर न्यायला यावे म्हणून. आणि गेल्या पावसाळ्यात एका घरट्याची बातमी फुटून अंडी पळवली गेली, म्हणून ती शपथ.

"सकाळी माझी माणसं ओरडत होती, ऐकलं नाही?"

"ऐकलं की! पण मादी अंड्यावर होती. ओ कशी देणार?"

"आणि हा फासावर गेला असता तर?"

"साहेब, अंड्याला तडा गेलाय. उद्या पिल्लू येईल."

माझ्या डोक्यात खुनाचे कलम, याच्या डोक्यात पिल्लू. मी त्याला तसाच, अनवाणी, ठाण्यापर्यंत चालवत आणला. गर्दीतून कोणीतरी हिरमुसून म्हणाले, "जित्ता हाय ना बे हा!" आणि लोक पांगले.

वाटाड्या मात्र अजून मुकाच होता. फोटोवाल्याला मी म्हणालो, "त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवा आणि 'शपथ सुटली' म्हणा."

तो हसला. "साहेब, तुम्ही शिकलेले ना?"

"शिकलोय, म्हणून विनंती करतोय."

माझा चेहरा पाहून तो मुकाट वाकला. "सुटली." बाईने डोळे मिटून घेतले. मासेमाराने दम सोडला, मनगटावरचे घड्याळ काढून फोटोवाल्याच्या हातात दिले आणि म्हणाला, "उद्या दुसरा माणूस पाहा जी. पाखराले मोजता येत नाई, पण गावाले येते ना!"

ठाण्याच्या डायरीत मी 'इसम सुखरूप मिळून आला' एवढेच लिहिले. ठिकाण लिहिले नाही.

पुढच्या नोकरीत गप्प बसणारे पुष्कळ लोक समोर आले. 'तोंड उघड' म्हणण्याआधी मी विचारू लागलो, "तुला कोणी शपथ घातली आहे का?" बहुतेक जण नाहीच म्हणत, आणि ते खरेही असे. पण एखादा मान वर करून पाहायचा. मग मी हवालदाराला बाहेर थांबायला सांगायचो आणि त्या माणसाच्या घरच्यांना आत बोलवायचो.